सगळे मावतील अशी प्रार्थना

राजधानी, १४ नोव्हेंबर १९९८

प्रिय आर्डिस मावशी,

फॅक्सबद्दल माफ कर. चर्चमधला फॅक्स थेट तुझ्या टेबलावर येतो असं मला वाटलं होतं. तो आधी तुमच्या सेक्रेटरीबाई वाचतात, मग तळघरातल्या स्वयंपाकघरातल्या बायका वाचतात आणि शेवटी तुला मिळतो, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा कळलं. म्हणून आता साधं पत्र, पाकीट नीट चिकटवून.

तर पुन्हा सगळं सांगते. आमचे प्रेथर गव्हर्नर झाले, हे तुमच्या टॅमरॅक फॉल्समध्ये कळलं असेलच, जरी तिथे त्यांना मत कोणी दिलं नसलं तरी. बारा जानेवारीला शपथविधी, विधानभवनाच्या पायऱ्यांवर. मी समारंभ समितीत आहे आणि प्रार्थनेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सुरुवातीची प्रार्थना एक रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, म्हणणार आहेत. शेवटच्या आशीर्वचनासाठी माणूस हवा. समितीचे मुख्य लायल कॉब, त्यांना डॉक्टर बेक हवे होते. तेच ते, ज्यांच्या चर्चबाहेर रविवारी गाड्या लावायला पोलीस उभे करावे लागतात आणि जे टीव्हीवर सांगतात की एड्स ही देवानं पाठवलेली चिठ्ठी आहे.

पण प्रेथर स्वतः बैठकीत म्हणाले, "मला अशी प्रार्थना हवी, जिच्यात सगळे मावतील." मी हात वर केला. म्हटलं, माझी मावशी चर्चची पाळक आहे. तिच्या गावातली चार तरुण मुलं एड्सनं गेली तेव्हा बाकीचे पाळक फोन उचलत नव्हते, तिनं त्यांना पुरलं. प्रेथरनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "त्या बाईंना आणा."

मावशी, त्यांनी नोकऱ्यांच्या कायद्याचं वचन दिलंय. आमच्यासारख्या माणसांना कोणी उठून कामावरून काढू शकणार नाही. जोएलन शाळेत नर्स आहे, उद्या मुख्याध्यापकांच्या मनात आलं तर ती परवा घरी. या माणसासाठी मी वर्षभर पायाला भिंगरी लावून फिरले ती त्यासाठीच. आणि त्याच्या पहिल्या दिवशी तू त्या पायऱ्यांवर असावीस, एवढंच माझं मागणं आहे.

जोएलन म्हणते, "आधी ती नाही म्हणेल, मग दोन दिवस चिडेल, मग हो म्हणेल." चिडून झालं की लिही.

तुझी,
रेने


टॅमरॅक फॉल्स, २० नोव्हेंबर

प्रिय रेने,

पाकीट चिकटलेलं मिळालं. सेक्रेटरीबाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं.

जोएलनला सांग, मी चिडले नाही. घाबरले. या वयात दोन्ही सारखंच दिसतं.

तुला राजकारण कळतं, मला माझं गाव कळतं. इथे पहिली बाई पाळक म्हणून मी आले तेव्हा वर्षभर लोक मला "मिसेस पाळक" म्हणत होते, आणि पाळक कधी येणार याची वाट पाहत होते. आता सवय झाली आहे. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली. राहतं घर चर्चचं आहे. पद गेलं की घर गेलं, पेन्शनही अर्धी.

आणि पद जायला कारण आहे, ते तुला माझ्याइतकंच माहीत आहे. दोन बायकांचं लग्न लावलं तर आमच्या पंथात पाळकाचा झगा उतरवतात. मी लावलंय. आठ वर्षांपूर्वी, तुमच्या स्वयंपाकघरात, तुझ्या आणि जोएलनच्या हातांवर माझा हात ठेवून. साक्षीला तुमचं मांजर होतं, आणि तेही मध्येच उठून गेलं. आजवर मला कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. पण कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नकोस.

हे वाचून तुला वाटेल मी नाही म्हणतेय. मी हो म्हणतेय. त्या चार मुलांच्या आया अजून येतात. मागच्या बाकावर बसतात, उपासना संपायच्या आत उठतात, म्हणजे कोणाशी बोलावं लागत नाही. त्यांच्या मुलांबद्दल एक वाक्य जर सरकारी पायऱ्यांवरून, लाउडस्पीकरवरून बोललं गेलं, तर निदान एका रविवारी त्या कॉफीला थांबतील. मला एवढंच हवंय. तुझ्या गव्हर्नरचं मला काही पडलेलं नाही.

चर्चच्या कार्यकारिणीला सांगितलं. अध्यक्ष ऑर्विल बराच वेळ टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "बरं." आमच्याकडे "बरं" म्हणजे काय, ते तुझ्या आईला विचार.

प्रार्थना लिहून पाठवते.

मावशी


राजधानी, ९ डिसेंबर

प्रिय मावशी,

प्रार्थना मिळाली. मी ऑफिसातच वाचली आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

दोन छोट्या दुरुस्त्या आहेत, लायलच्या. रागावू नकोस, ते सगळ्यांचंच लिखाण तपासतात. रब्बींच्याही दोन ओळी उडवल्या.

पहिली: शेवटी "येशूच्या नावानं" आहे, ते काढता येईल का? सगळ्या धर्मांचे लोक असतील.

दुसरी: "ज्या मुलांनी मुलांवर प्रेम केलं, आणि ज्यांना पुरायला आम्ही पाळक पुढे आलो नाही, त्यांच्यासाठी" हे वाक्य. लायल म्हणतात, भावना उत्तम आहे, पण तिथे नुसतं "सगळ्यांसाठी" म्हटलं तर त्यात तेही आलेच. मलाही ते तसं बरोबर वाटलं.

शुक्रवारच्या पेपरात तुझं नाव जाहीर होतंय. फोटो मी दिला, साधाच, तो कुंपणाजवळचा. प्रेथर प्रत्येकाला सांगत सुटलेत की आपल्याकडे एक खऱ्या पाळकबाई आहेत.

रेने


टॅमरॅक फॉल्स, १५ डिसेंबर

प्रिय रेने,

"येशूच्या नावानं" काढलं. तो स्वतः यहुदी होता, शेजारी रब्बी उभे आहेत म्हणून मी गप्प बसले तर तो समजून घेईल.

दुसरं काढणार नाही. लायलना सांग, मी चाळीस वर्षं चर्चमध्ये "सगळे" हा शब्द ऐकतेय. "सगळ्यांचं स्वागत आहे" अशी पाटी आमच्या दारावरही आहे, त्या मुलांना आणलं तेव्हाही होती. "सगळे" म्हटलं की माणसाला आपल्या बाकावरची माणसं दिसतात, दुसरं कोणी नाही. ते वाक्य नको असेल तर मीही नको.

आता इथलं ऐक. फोटो छापून आला त्या रविवारी उपासना झाली आणि मी नेहमीसारखी दारात उभी राहिले, हात मिळवायला. तुला आमची पद्धत माहीत आहे, पाळकाशी हात मिळवल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही, आजारी माणूससुद्धा. मी उभी, दार उघडं, बर्फाचा वारा आत येतोय, आणि माणसं येईनात. मला वाटलं खाली कॉफीला थांबली असतील. मग गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. सगळे तळघरातून, स्वयंपाकघराच्या दारानं निघून गेले होते. कचऱ्याच्या पिंपांमधून. लोकरीचे कोट घातलेली, सत्तरीची माणसं, माझा हात टाळायला बर्फातून पिंपं सरकवत गेली. मी हसले आधी. मग घरी येऊन जी रडले, ती काही विचारू नकोस.

ऑर्विल दर हिवाळ्यात माझ्या दारापर्यंत बर्फ काढून देतो. आता शेजाऱ्याच्या कुंपणापाशी ट्रॅक्टर वळवतो. भांडत नाही कोणी, वाईटही बोलत नाही. उलट एकीनं बटाट्याची भाजलेली हॉटडिश आणून दिली, जशी आपण मयताच्या घरी देतो.

आणि काल पेपरवाल्याचा फोन आला. म्हणाला, "तुम्ही दोन बायकांचं लग्न लावलंय, खरं का?"

मी म्हटलं, "हो. एकदा."

"कोण त्या?"

"त्यांनाच विचारा."

"अहो, पण त्या कोण हे कळल्याशिवाय कसं विचारू?"

"मग पंचाईत आहे तुमची."

फोन ठेवता ठेवता मी त्याला विचारलं, हे सांगितलं कोणी? तो म्हणाला, "तुमच्याच समितीतून कळलं." रेने, ही गोष्ट तीन माणसांना माहीत होती. मी बोलले नाही. जोएलन बोलणार नाही.

मावशी


राजधानी, १९ डिसेंबर

मावशी,

मी बोलले. लायलना. वाईट हेतूनं नाही गं. तेव्हा ते बेकचं नाव पुढे रेटत होते, आणि मला दाखवायचं होतं की माझी मावशी नुसतं बोलत नाही, करून दाखवते. मी म्हटलं, "तिनं तर दोघींचं लग्नसुद्धा लावलंय." दोघी कोण ते सांगितलं नाही. त्यांनी ते पुढे कोणाला सांगितलं असेल तर मला माहीत नाही. मला खरंच वाटलं होतं की ही तुझ्या बाजूची गोष्ट आहे.

आता बातमी आली आहे, बेकनी टीव्हीवर अर्धा तास तुझा उद्धार केला, प्रेथरचे फोन थांबत नाहीत. लायलनी मला बोलावून विचारलं, "त्या दोघी कोण, तुला माहीत आहे का?" मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं.

पण यातून वाट आहे. नीट आठव. आम्ही तुला नव्या घराला आशीर्वाद द्यायला बोलावलं होतं. तू उंबऱ्यावर पाणी शिंपडलंस, खोल्याखोल्यांतून प्रार्थना म्हणत फिरलीस, ते सगळं झालंच होतं. आमच्या अंगठ्या त्यानंतरच्या. तू बिशपना आणि पेपरला एवढंच सांग, की तो घराचा आशीर्वाद होता, लोकांनी त्याचा भलता अर्थ काढला. हे खोटं नाही. तुझं पद वाचेल, प्रार्थनाही तूच म्हणशील. ते वाक्यही ठेवू, लायलशी मी भांडेन.

कृपा करून हो म्हण. जोएलनला मी हे पत्र दाखवलेलं नाही.

रेने


टॅमरॅक फॉल्स, २३ डिसेंबर

रेने,

ते घर भाड्याचं होतं. मालक वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्याला मी अजिबात आशीर्वाद दिला नाही.

पाणी शिंपडलं, खरं आहे. मग स्वयंपाकघरात तू ओव्हन बंद केलास, हात पुसलेस आणि म्हणालीस, "मावशी, आता आमचं कर." "आमचं कर." मी पांढरा पट्टा गळ्यात घातला, जो मी लग्नालाच घालते. जोएलननं तिची शपथ पाठ केली होती आणि तू तुझी पाकिटाच्या पाठीवर लिहून आणली होतीस. मी चाळीस वर्षांत लावलेल्या लग्नांपैकी निम्म्यांच्या वेळी मला मनातून शंका आली होती. तुमच्या वेळी नाही आली.

आता मी म्हणू की ते घराचं होतं? मग तुम्ही दोघी आठ वर्षं कोण आहात एकमेकींच्या? भाडेकरू?

बिशपनी चौकशी लावली आहे, सोळा जानेवारीला, आमच्याच तळघरात. मी खरं सांगेन, नावं सांगणार नाही. तुम्ही येऊ नका. जोएलनची नोकरी जाईल, तुझीही. मला कोणाची साक्ष नको. माझं एकच मागणं आहे, जे झालं ते झालं नाही असं तू कुठे म्हणू नकोस. गप्प राहा, चालेल. गप्प राहणाऱ्यांना मी ओळखते, त्यांच्यावर माझा राग नाही.

नाताळला येणार होतात. हॅम सांगून ठेवला होता. आता रद्द केला तरी कोणी विचारणार नाही.

मावशी


राजधानी, ४ जानेवारी १९९९

प्रिय मावशी,

हे मलाच लिहायला सांगितलं आहे, आणि मी दुसऱ्या कोणाला लिहू दिलं नसतं.

आशीर्वचन डॉक्टर बेक म्हणतील. समतोल साधायचा आहे. समारंभाच्या दिवशी लोकांनी आपसात भांडू नये, एवढंच प्रेथरना हवं आहे. ते म्हणाले, सगळे मावायचे तर बेक आणि त्यांचे लोकही त्यात आलेच की.

उद्याच्या पेपरात निवेदन येईल. तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा मीच सांगते: "रेव्हरंड आर्डिस यांच्या त्या कृत्याची समितीला पूर्वकल्पना नव्हती. असा विवाह झाल्याचं समितीतल्या कोणालाही माहीत नाही." ते मी लिहिलं आहे. लायलनी लिहिलेलं याहून वाईट होतं, त्यात "दिशाभूल" असा शब्द होता. तो मी काढायला लावला.

तू मला नावं ठेवशील. ठेव. पण विचार कर, मी समितीतून बाहेर पडले तर नोकऱ्यांच्या कायद्यासाठी आत कोण उरतं? या अधिवेशनात पहिलं काम तेच आहे, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. एका प्रार्थनेच्या बदल्यात हजारो माणसांची रोजीरोटी वाचत असेल, तर तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? तुझ्या त्या मुलांनी काय सांगितलं असतं?

सोबत पाहुण्यांचे दोन पास आहेत. पुढून सहावी रांग. आलीस तर मला बरं वाटेल.

जोएलन माझ्याशी बोलत नाही.

रेने


राजधानी, ८ जानेवारी

आर्डिस मावशी,

पेपर वाचला. सोळा तारखेची चौकशी सकाळी आहे की दुपारी? सकाळी असेल तर मी आदल्या दिवशीच्या बसनं निघते. मागच्या खोलीत झोपेन, अंथरूण आणते.

वेळ तेवढी कळव, मला थांबवायचं काही लिहू नकोस, मी येणारच.

जोएलन


राजधानी, १४ जानेवारी

मावशी,

समारंभ पार पडला. थंडी मरणाची होती. बेकनी लांबलचक प्रार्थना म्हटली, "येशूच्या नावानं"सुद्धा म्हटलं, आणि त्यांना कोणी अडवलं नाही. रब्बी खाली पाहत होते. तुमच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

मला उपसचिव केलं आहे. खोलीला खिडकी आहे. कायदा या अधिवेशनात नाही, वातावरण तापलंय म्हणतात, पुढच्या वर्षी घेऊ. पुढच्या वर्षी नक्की.

जोएलन तिथे येतेय का? ती सांगत नाही, पण बॅग भरलेली दिसते. तिला समजाव. ती उभी राहिली की लोक विचारणार, दुसरी कोण. मी आत्ताच रुजू झालेय. तू म्हणाली होतीस नावं सांगणार नाहीस. त्यावर तू ठाम आहेस ना? मला एक ओळ लिही.

रेने


टॅमरॅक फॉल्स, १९ जानेवारी

रेने,

तुला एक ओळ हवी होती. जरा जास्त लिहिते.

समिती तिघांची होती, शेजारच्या गावचे पाळक, बिशपचे सचिव, आणि एक दंतवैद्य. लांब टेबलाशी बसले. स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्यांना कॉफी दिली आणि वाढायची खिडकी उघडीच ठेवली, म्हणजे ऐकता यावं. ऑर्विल आला होता. त्या चार मुलांच्या आयाही आल्या होत्या, आणि खालीही मागेच बसल्या.

सचिवांनी विचारलं, "लग्न लावलंत?" मी म्हटलं, "लावलं." "घराला आशीर्वाद देताना काही गैरसमज झाला असेल का?" म्हणजे तू तो मार्ग त्यांनाही सुचवला होतास. मी म्हटलं, "गैरसमज नाही. लग्न होतं." "कोणाचं?" मी म्हटलं, "नावं सांगणार नाही."

तेव्हा जोएलन उठली. ते तिचे शाळेतले पांढरे बूट घालूनच आली होती. म्हणाली, "माझं. मी जोएलन मार्श. यांनी माझं लग्न लावलं, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. यांच्यावर ठपका ठेवायचा तर मला बघून ठेवा."

दंतवैद्यांनी विचारलं, "दुसरी कोण?"

तिनं नुसती नकाराची मान हलवली.

"अहो बाई, एका बाईचं लग्न मी कागदावर लिहू कसं?"

खिडकीतून कोणीतरी फिसकन हसलं. जोएलननं दाराकडे पाहिलं. रेने, ती खरंच वाट पाहत होती. मला वाटलं होतं तिनं केव्हाच तुझ्यावर पाणी सोडलं असेल, पण नाही. ती पूर्ण वळून दाराकडे पाहत उभी राहिली, आणि तिच्याबरोबर सगळं तळघर दाराकडे पाहत राहिलं. दारात कोणी नव्हतं. मग ती म्हणाली, "लिहा एकीचंच. एकीचंच होतं," आणि खाली बसली.

माझं पद गेलं. ईस्टरपर्यंत घर रिकामं करायचं आहे. ऑर्विल माझ्या बाजूनं बोलला नाही, विरुद्धही बोलला नाही. त्या आयांपैकी एक जण माझ्याजवळ आली, माझ्या कोटाचं बटण लावून दिलं आणि गेली. कॉफीला थांबली नाही. सोमवारी जोएलनला मुख्याध्यापकांचा फोन आला. तिनं परत यायची तसदी घेऊ नये, असं ते फार सभ्यपणे म्हणाले. पुढच्या वर्षीच्या कायद्याबद्दल त्यांना बहुतेक माहीत नसावं.

ती इथेच आहे. तुला लिहायला मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कोणाला?" म्हणून मी लिहितेय.

तू विचारलंस त्याचं उत्तर: तुझं नाव निघालं नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तिनं सांगितलं नाही, मीही नाही. कधी सांगणारही नाही, तू खिडकीच्या खोलीत निर्धास्त बस.

मी अजून रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. फक्त नाव घेत नाही. तुला हवं होतं तसंच.

मावशी